नाण्याची पारख

श्रोतेहो, आपल्या बोलीत नाण्याने फार मोठी जागा अडवून ठेवली आहे. माणूस भरवशाचा असला की आपण म्हणतो, 'नाणे खणखणीत आहे.' मुलगा वाया गेला तर बाप कपाळाला हात लावून म्हणतो, 'आपलेच नाणे खोटे, दुसऱ्याला काय बोल लावायचा?' घराण्याच्या नावाला कमीपणा आला तर 'बट्टा लागला' म्हणतात. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा शब्द आहे. झिजलेले किंवा परमुलखातले नाणे बदलून देताना सराफ जी कपात करी, तिला बट्टा म्हणत. म्हणजे नाणे हाती आले की ते पारखून घ्यायचे, ही आपल्याकडची फार जुनी रीत. आज ही रीत आपण बरीचशी विसरलो आहोत. ती मीही विसरलो होतो, आणि त्याची किंमत मोजली. तेथूनच सुरुवात करतो.

नोकरी लागून मला दोन-तीन वर्षे झाली असतील. इतिहास शिकवायचा तर मुलांच्या हाती काही अस्सल वस्तू द्यावी, अशी हौस होती. एका मोठ्या शहरात नाण्यांचे प्रदर्शन भरले होते. तेथे एका विक्रेत्याकडे १९६९ सालचा, गांधी जन्मशताब्दीचा प्रूफ संच दिसला. वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी, प्लॅस्टिकच्या पेटीत बसवलेली, आरशासारखी चकाकणारी. मी जवळजवळ महिन्याचे घरभाडे त्यापायी मोजले आणि ऐटीत संच घेऊन आपल्या गावी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला आलो.

वर्गात तो संच हातोहात फिरला. मागच्या बाकावर पैठणकडचा एक मुलगा बसे. त्याच्या घरी सोनारकाम चाले. त्याने पेटी उजेडाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि म्हणाला, "सर, तीन नाण्यांवर सालाखाली इंग्रजी बी आहे. रुपयावर नुसता ठिपका आहे. असं का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा उत्तर सापडले, आणि ते माझ्या खिशाला झोंबणारे होते. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ नाण्यांवर 'बी' हे अक्षर असे. रोजच्या व्यवहारात जाणाऱ्या नाण्यांवर पत्त्यातल्या चौकटीसारखा बारीक ठिपका असे. म्हणजे कोणीतरी पेटी उघडून मूळचा रुपया काढून घेतला होता, आणि बाजारातला साधा रुपया घासून-पुसून त्या जागी बसवला होता. गांधीजींचे चित्र तेच, साल तेच, धातूही तोच. नाणे सरकारीच होते, पण त्याची जागा ती नव्हती.

आता प्रूफ संच म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. बाजारात जाणारे नाणे टांकसाळीत झपाट्याने पाडले जाते, पोत्यात भरले जाते, एकमेकांवर आपटते. प्रूफ नाण्याचे तसे नाही. त्याचा ठसा आधी खास उजळतात. ज्या कोऱ्या चकतीवर तो मारायचा, ती चकतीही उजळून घेतात. मग सावकाश, भरपूर दाब देऊन, एकाहून अधिक वेळा ठसा मारतात. त्यामुळे नाण्याची मोकळी जागा आरशासारखी होते आणि अक्षरे, चित्रे, कडा धारदार उठतात. अलीकडच्या नाण्यांत उठावाचे चित्र मुद्दाम दुधी, मंद ठेवलेले असते, म्हणून ते आरशावर ठेवल्यासारखे दिसते. हे नाणे हातमोजे घालून उचलतात आणि बंद डबीत ठेवतात. १९५० साली प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी निघाली, तेव्हा मुंबई टांकसाळीने रुपयापासून पैशापर्यंत सात नाण्यांचा असा संच काढला होता. १९७३ सालच्या नाण्यांवर तर 'अधिक अन्न पिकवा' अशा अर्थाचा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा संदेश होता. आजही सरकारी टांकसाळी असे संच काढतात व विकतात.

मग त्यात फेरफार कोणी कशाला करावा? कारण उघड आहे. दर्शनी किमतीपेक्षा संचाची किंमत पुष्कळ जास्त, आणि घेणारा बहुधा हौशी.

पण श्रोतेहो, नाण्यातला प्रत्येक फेरफार ही लबाडी नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. आणि हा फरक समजायला आपल्या गोदाकाठासारखी दुसरी जागा नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे, दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर होती, सुमारे १३,२५०. ती क्षत्रप राजा नहपान याची. त्यावर नहपानाचा चेहरा. परंतु त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला आढळला. एका अंगाला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या अंगाला चार वर्तुळे जोडलेले, ज्याला आपण उज्जयिनी चिन्ह म्हणतो ते. पैठणच्या सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला आणि त्याचीच नाणी आपल्या ठशाने पुन्हा चलनात आणली. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, हनुवटी, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात.

हाही फेरफारच. पण तो राजाने स्वतःच्या नावाने, सर्वांच्या डोळ्यांसमोर केला. 'सत्ता बदलली' ही बातमी गावोगाव पोचवण्याचे ते साधन होते. म्हणूनच ती नाणी इतिहासाचा मोठा पुरावा ठरली. हे दोन राजे कोणत्या काळातले आणि कोणी कोणाला जिंकले, याविषयी अभ्यासक वाद घालीत होते. त्या वादाला या साठ्याने भक्कम आधार दिला.

आता दुसरे उदाहरण. तेही आपल्या शहरापासून पाऊण तासाच्या वाटेवरचे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याने चांदीच्या टंक्याऐवजी पितळेची व तांब्याची नाणी काढली. ही नाणी चांदीच्याच भावाने घ्यावीत, असा हुकूम. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूरही त्यावर घातला. दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली.

कल्पना अगदीच खुळी होती असे म्हणता येणार नाही. आपण आज कागदाची नोट घेतो, तीही कागदाच्या भावाने घेत नाही. पण सुलतानाचा एक हिशेब चुकला. ही नाणी इतकी साधी होती की कोणाही कासाराला ती करता यावीत. असली-नकली ओळखण्याची खूण त्यावर नव्हती. झियाउद्दीन बरनी या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की घरोघरी टांकसाळी निघाल्या. लोक पितळेत सारा भरू लागले आणि चांदी दडवू लागले. अखेर दोन-तीन वर्षांत सुलतानाला हुकूम मागे घ्यावा लागला आणि पितळ घेऊन खजिन्यातून सोने-चांदी द्यावी लागली. परत आलेल्या नाण्यांचे तुघलकाबादेत ढीग साचले. 'तुघलकी कारभार' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्या कारभारात नेमके काय बिघडले ते पाहत नाही. जे नाणे पारखता येत नाही, त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. बिघडले ते एवढेच.

म्हणून पुढच्या टांकसाळी खुणांच्या बाबतीत दक्ष राहिल्या. मोगल अमदानीत आपल्या शहरात टांकसाळ होती आणि येथल्या रुपयावर शहराचे 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव उमटत असे. निजामाच्या राज्यात, १९०० नंतर, यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया आला. मराठवाड्यातल्या घरांत 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द अजून कानी पडतात. हाली म्हणजे हैदराबादचे नाणे, कलदार म्हणजे इंग्रजी. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे, आणि १९५९ पर्यंत हाली नाणी आपल्याकडे चालली. कोणाच्या घरी तो चारमिनारचा रुपया असेल तर भिंगातून कमानीच्या दारात पाहा. तेथे एक बारीक फारसी अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर नाणे महबूब अलीखानाचे, 'ऐन' असेल तर उस्मान अलीखानाचे. आमच्या त्या विद्यार्थ्याने जे अक्षर पाहिले, त्याच जातीची ही खूण.

आता व्यवहाराकडे वळू. प्रूफ संच घ्यायचा झाला, तर काय पाहावे?

पहिली गोष्ट, पेटी पाहा. आधी नाणे बघू नका, ते डोळे दिपवते. पेटीची शिवण चारी बाजूंनी सारखी आहे का? कोठे गोंदाचा पिवळा थर, तापवून पुन्हा चिकटवल्याची सुरकुती, चाकू घातल्याचा ओरखडा आहे का? बंद पेटीच्या आत धूळ, केस किंवा बोटाचा ठसा असेल, तर ती टांकसाळीनंतर कोणीतरी उघडली आहे असे समजावे. नाणे आपल्या खाचेत सैल हलत असेल, तरी शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट, संचातली सगळी नाणी एकमेकांशी जुळवून पाहा. साल एक आहे का? टांकसाळीची खूण एक आहे का? मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर १९९५ पर्यंत 'बी' आणि पुढे 'एम' हे अक्षर येते. चार नाण्यांत तीन एका घरची आणि एक पाहुणे, असे दिसले की थांबावे.

तिसरी गोष्ट, चकाकी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. साधे नाणे चाकावर घासून चकाकते करता येते. पण घासलेले नाणे सगळीकडे सारखेच चकाकते, चित्राच्या उंचवट्यावरही आणि खोलगट जागेतही. त्याच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. तिरप्या उजेडात एका दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक रेघा दिसतात. खऱ्या प्रूफच्या अक्षरांची कड तीक्ष्ण असते. मात्र एवढे लक्षात ठेवा, जुन्या प्रूफ नाण्यांत चित्र दुधी असेलच असे नाही. केवळ तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये.

चौथी गोष्ट, साल आणि खूण भिंगातून पाहा. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. एका आकड्याने नाण्याचा भाव कसा पालटतो, ते इंग्रजी रुपयावरून कळेल. १९३९ सालचा चांदीचा रुपया फार थोडा आढळतो, म्हणून त्याच्या बनावट नाण्यांचा सुळसुळाट. कोरून बदललेल्या आकड्याच्या भोवतीची जागा खरवडलेली दिसते. वरून चिकटवलेल्या खुणेच्या बुडाशी बारीक फट किंवा वेगळा रंग असतो. ओतीव नकलेच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि कडेवर सांध्याची रेघ राहते.

पाचवी गोष्ट, वजन, माप आणि चुंबक. कोणत्या नाण्यात किती धातू, वजन किती, व्यास किती, हे सरकार राजपत्रात जाहीर करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ साली निघालेले १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, ४४ मिलिमीटर व्यासाचे, आणि त्यात निम्मी चांदी. गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, शेकडा ८० भाग चांदीचे. चांदी चुंबकाला चिकटत नाही, निकेल चिकटते. १९४७ सालचा वाघाच्या चित्राचा रुपया निकेलचा आहे. कोणी तो चांदीचा म्हणून देऊ लागला तर खिशातले चुंबक काढावे. पण उलट न्याय लावू नका. चिकटले नाही म्हणजे चांदीच, असे नव्हे. शिसे आणि पितळही चिकटत नाही. आणि हे सगळे सुट्या नाण्याचे झाले. बंद संच वजनाच्या हौसेने उघडू नये, उघडला की त्याचे मोल गेले. तेथे डोळे आणि खरेदीची पावती यांवरच भिस्त ठेवावी.

येथे आपल्या खेड्यांतल्या जुन्या रुपयांविषयी एक शब्द सांगतो. आपल्याकडे, विशेषतः तांड्यांवर, चांदीच्या रुपयांना कडी लावून माळ करण्याची चाल होती. तो दागिना आहे, त्यात लबाडी काहीच नाही. पुढे अडचणीत माळ मोडते. मग कोणी कडी काढून, डाक घासून, छिद्र बुजवून तो रुपया 'अस्पर्श' म्हणून विकतो. येथून लबाडी सुरू होते. अशा रुपयाची कड, राजाच्या डोक्यावरची बाजू, नीट पाहावी. तेथल्या खाचा पुसट किंवा नव्याने कोरलेल्या दिसतील. टांकसाळीच्याच बाबतीत हा नियम लावता येतो. ब्रिटिश अमदानीतल्या जुन्या ठशांवरून मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी पुढे पुन्हा नाणी पाडून दिली. ती 'पुन्हा पाडलेली' म्हणून विकली तर चोख व्यवहार, पहिल्या वेळची म्हणून विकली तर फसवणूक. विक्रेत्याने काय सांगितले आणि काय लपवले, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणखी दोन गोष्टी गावकऱ्यांसाठी. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे किंवा ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखोंना विकत घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन कोणाला आला तर तो सरळ ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे की अशा व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती कसलेही शुल्क किंवा दलाली मागत नाही. दुसरे, नांगरटीत किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर ते चिंचेने घासू नये आणि वितळवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि त्यात सापडवणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. जोगलटेंभीचा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर गौतमीपुत्राचा तो विजय आपल्याला इतक्या स्पष्टपणे कळला नसता. तेथे चांदीपेक्षा मोलाची गोष्ट होती ती एकावर एक पडलेले दोन ठसे.

शिक्षक बंधू-भगिनींना शेवटी एक सुचवतो. महागडा संच न घेताही हा धडा वर्गात देता येतो. मुलांना घरची मोड आणायला सांगा. आजच्या नाण्यांवर सालाखाली पाहायला सांगा. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. फळ्यावर चार रकाने आखा आणि मोजणी करा. कोणत्या टांकसाळीची नाणी आपल्या गावात जास्त येतात, ते मुलेच सांगतील. मग सहल काढून पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तू दाखवा. तोवर मुलांची नजर बारकाव्यांना सरावलेली असेल.

माझा तो संच अजून माझ्याकडे आहे. परत करायला गेलो तेव्हा प्रदर्शन उठले होते आणि पावती मी घेतलीच नव्हती. दरवर्षी नव्या वर्गापुढे मी तो काहीही न सांगता फिरवतो. एखाद्या वर्षी कोणालाच काही दिसत नाही. बहुतेक वर्षी मात्र मागच्या कोणत्या तरी बाकावरून प्रश्न येतो, "सर, या रुपयावर ठिपका का?" तो प्रश्न आला की मी त्या दिवसाचा पाठ बाजूला ठेवतो आणि जोगलटेंभीपासून सुरुवात करतो.